सकाळचे चार तास: नागपुरातल्या फ्रीलान्स प्रोग्रामरच्या दिवसाची मांडणी

घरून, स्वतःच्या नावावर प्रोग्रामिंगची कामं घेणाऱ्याकडे अख्खा दिवस मोकळा असतो असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात अवघड कोड नीट लिहून होतो तो दिवसातले तीन-चार तासच. बाकीचा वेळ फोन, ईमेल, बिलं, सर्व्हरची देखभाल यांत जातो, आणि तीही कामंच आहेत. पण ते चार तास कुठले हे ठरलेलं नसलं, की रोज कुणी ना कुणी ते उचलून नेतं. नागपुरात हा निर्णय निम्मा ऊनच घेतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी दोन वाजता कुणाचंही डोकं गुंतागुंतीच्या क्वेरीत चालत नाही. म्हणून इथे भांडवल म्हणजे सकाळ. खाली जे सांगितलं आहे ते सगळं त्या सकाळच्या राखणीसाठी आहे.

घड्याळ ऋतूप्रमाणे सरकवा

वर्षभर एकच वेळापत्रक नागपुरात टिकत नाही. मे महिन्यात इथे साडेपाचच्या सुमारास उजाडतं, डिसेंबरअखेरीस सूर्य उगवायला जवळजवळ सात वाजतात. तेव्हा दोन घड्याळं ठेवावीत.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत: पावणेसहाला बसायचं, पावणेआठपर्यंत पहिली बैठक. मग अर्धा-पाऊण तास आंघोळ, पोहे, चहा. साडेआठ ते साडेदहा दुसरी बैठक. अकरानंतर बाहेरची कामं ठेवू नयेत. ग्राहकाची भेट, झेरॉक्स, जे काही असेल ते संध्याकाळी सहानंतर किंवा सरळ फोनवर. एक ते साडेतीन जेवण आणि झोप. ही झोप आळस समजून टाळली की संध्याकाळच्या कॉलमध्ये तिची किंमत मोजावी लागते.

पाऊस लागल्यापासून मार्चपर्यंत: साडेसात ते साडेनऊ आणि दहा ते बारा. हिवाळ्यात सकाळी बोटं गारठतात आणि टायपिंगच्या चुका वाढतात. पहिली पंधरा मिनिटं कालचा कोड वाचण्यात घालवली की हात आणि डोकं दोन्ही सैल होतात.

दोन तासांची बैठक सलग जमत नसेल तर नव्वद मिनिटांची ठेवा. पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडण्याची पद्धत अभ्यासाला किंवा कंटाळवाण्या कामाला चांगली. पण अनोळखी कोडबेसमध्ये वीस मिनिटं तर नुसता धागा सापडायलाच लागतात, आणि तेवढ्यात घंटा वाजते. प्रोग्रामिंगच्या मुख्य कामाला ते तुकडे आम्ही सुचवणार नाही.

आदल्या संध्याकाळची पाच ओळींची नोंद

सकाळ वाया जाते ती बहुतेक वेळा पहिल्या वीस मिनिटांत. बसल्यावर ‘आज काय करायचं होतं’ हे शोधायला म्हणून ईमेल उघडलं, ईमेलमध्ये ग्राहकाचा प्रश्न दिसला, त्याला उत्तर द्यायला घेतलं, आणि साडेआठ वाजले. यावर उपाय आदल्या दिवशीच करावा लागतो. काम थांबवण्याआधी दहा मिनिटं राखून एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एवढंच लिहायचं:

प्रकल्प: दुकानाची वेबसाइट. ब्रँच: परतावा-दुरुस्ती.
झालं: अर्धवट परताव्याची रक्कम बरोबर येते, टेस्ट हिरव्या.
अडलं: पूर्ण परतावा दोनदा नोंदवला जातोय. वेबहुक दोनदा येत असावं.
उद्या पहिलं: येणाऱ्या घटनेचा आयडी लॉगमध्ये छाप, दोन्ही वेळा एकच आहे का ते बघ.
विचारायचं, दुपारी: कूपनची रक्कमही परत करायची का?

(ब्रँच म्हणजे कोडची बदलांसाठी काढलेली वेगळी प्रत, हिरवी टेस्ट म्हणजे पास झालेली तपासणी, वेबहुक म्हणजे दुसऱ्या सर्व्हरकडून आपोआप येणारा निरोप.) यातली चौथी ओळ सगळ्यात मोलाची. ती इतकी बारीक हवी की सकाळी झोपेतून उठलेल्या माणसाला विचार न करता ती करता यावी. ‘परताव्याचं काम पुढे न्यायचं’ असं लिहिलं तर ते काहीच न लिहिल्यासारखं आहे. पाचवी ओळही मुद्दाम आहे. ग्राहकाला विचारायचा प्रश्न सकाळी आठवला तर हात मोबाइलकडे जातो. तो ‘दुपारी’ म्हणून लिहिलेला असला की डोकं त्याला सोडून देतं.

आणखी एक युक्ती जोडीला ठेवा. थांबताना एक टेस्ट लाल असलेलीच सोडा. जे वागणं अजून कोडमध्ये आलेलं नाही त्याची टेस्ट आधी लिहायची, ती फेल होते हे बघायचं, आणि उठायचं. सकाळी टेस्ट चालवली की कामाचं टोक आपोआप हातात येतं. हे स्वतःच्या ब्रँचवरच करायचं, मुख्य ब्रँचवर नाही. आणि कितीही अर्धवट असलं तरी त्या ब्रँचवर कमिट करून (म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये नोंदवून) रिमोटवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर, पुश करूनच लॅपटॉप बंद करायचा. स्टॅशमध्ये, म्हणजे गिटच्या तात्पुरत्या कप्प्यात, ठेवलेलं काम त्या एकाच मशीनवर असतं. डिस्क गेली की तेही गेलं.

बैठकीत काय चालतं, काय चालत नाही

मोबाइल दुसऱ्या खोलीत. पालथा घालून टेबलावर ठेवलेला मोबाइल पुरेसा दूर नसतो. घरच्यांचा एक नंबर आणि चालू कामाच्या ग्राहकांचे नंबर तेवढे वाजू देण्याची सोय फोनच्या सेटिंगमध्ये असते, ती लावा. म्हणजे खरी अडचण असेल तर फोन वाजेल. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबचे टॅब बंद. ब्राउझरमध्ये कामासाठी वेगळं प्रोफाइल करा, त्यात त्या खात्यांचं लॉगिनच ठेवू नका.

सकाळच्या बैठकीत एकच प्रकल्प. दोन ग्राहकांची कामं चालू असतील तर सोमवार-मंगळवार एकाचे, बुधवार-गुरुवार दुसऱ्याचे, असे सलग दिवस वाटा. एकाच सकाळी पहिली बैठक एकाची आणि दुसरी दुसऱ्याची असं केलं की दोन्ही प्रकल्प डोक्यात अर्धेच उतरतात. तिसरा ग्राहक एकाच वेळी घेऊ नये. ‘सध्या दोन कामं हातात आहेत, १५ तारखेनंतर सुरू करता येईल’ असं सांगितल्याने गेलेलं काम, सगळ्यांचीच कामं रखडवल्यामुळे गेलेल्या कामांपेक्षा नेहमी कमी असतं.

आता अडून बसण्याबद्दल, कारण सकाळ खाणारी खरी गोष्ट ती आहे. एखादा बग अर्ध्या तासात हलला नाही तर कीबोर्डवरून हात काढा आणि कागद घ्या. त्यावर चार गोष्टी लिहा: काय व्हायला हवं होतं, नेमकं काय होतंय, हे शेवटचं कधी नीट चाललं होतं, आणि कोणती गोष्ट न तपासता मी खरी धरून चाललोय. बहुतेक वेळा उत्तर चौथ्या रकान्यात सापडतं. कॉन्फिगरेशन फाइल भलतीच वाचली जातेय, कॅशमधला (तात्पुरत्या साठ्यातला) जुना डेटा येतोय, सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे आणि आपण भारतीय वेळ धरली आहे, अशी ती गृहीतं असतात. पूर्वी चालत होतं आणि आता चालत नाही, एवढं नक्की असेल तर अंदाज बांधत बसू नका, गिट बायसेक्ट ही दोषी बदल शोधणारी आज्ञा लावा. चांगला कमिट आणि बिघडलेला कमिट सांगितला की ते दरवेळी मधला उघडून देतं. पाचशे कमिटमधून दोषी कमिट साधारण नऊ फेऱ्यांत निघतो. मात्र त्यासाठी कमिट लहान हवेत. दिवसभराचं सगळं ‘बदल केले’ या एका नावाखाली कोंबलं असेल, तर नवव्या फेरीला समोर चाळीस फाइली येतात आणि शोध पुन्हा पहिल्यापासून.

नव्वद मिनिटांनंतरही बग हलला नसेल तर तो सोडून उठा. कागदावर शेवटची ओळ लिहा, पुढचं काम घ्या. संध्याकाळी थकलेल्या डोक्याने त्याच बगमागे लागून केलेल्या दुरुस्त्या दुसऱ्या दिवशी बहुधा उलट फिरवाव्या लागतात.

कोड लिहून देणारे एआय सहायक वापरत असाल तर त्यांना दुपारची जागा द्या: टेस्टचा डेटा तयार करणं, एका साच्यातले फॉर्म, कागदपत्रांचे मसुदे. त्यांनी दिलेला बदल ओळ न ओळ वाचल्याशिवाय कमिट करू नये, आणि ग्राहकाचे पासवर्ड किंवा एपीआय की (सेवांच्या गुप्त किल्ल्या) त्यांच्यासमोर कधीच ठेवू नयेत.

खोली: कूलर, इन्व्हर्टर, इंटरनेट

नागपुरातल्या कामाचं हे अर्धं अंग आहे, आणि याचीच तयारी लोक उशिरा करतात.

कूलर खिडकीच्या बाहेरच्या बाजूला हवा आणि समोरची एक खिडकी किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात हवा दमट होते, मग कूलर कितीही फिरला तरी गारवा येत नाही. झोत टेबलावर थेट घेऊ नका. पंपाचं पाणी जास्त झालं की बारीक तुषार उडतात, ते कीबोर्डवर आणि एक्स्टेंशन बोर्डावर बसतात. खसाच्या किंवा वुडवूलच्या ताट्या मार्चअखेरीस बदला. जुन्या ताट्यांवर पाण्यातला क्षार साचलेला असतो, त्यातून वारा कमी येतो आणि मोटरवर ताण पडतो. टाकीतलं पाणी दर आठवड्याला पूर्ण काढा, नाहीतर डास होतात. जूनच्या मध्यात पाऊस लागला की हवेतच ओल असते. तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. आतलं तापमान ९५ ते १०० अंशांकडे गेलं की हे घडतं, आणि दोन मिनिटांचा बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बनवणं) चार-पाच मिनिटं घेऊ लागतो. फेब्रुवारीत एकदा मशीन उघडून पंख्यातली धूळ काढून घ्या. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा. मशीन दिवसभर चार्जरलाच असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता, या दोन्ही एकत्र आल्या की लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते.

इन्व्हर्टरचा हिशेब कागदावर करा. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदोपत्री १,८०० वॉट-तास. बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, आणि इन्व्हर्टर स्वतः काही वीज खातो. म्हणून हाताशी साधारण हजार धरा. लॅपटॉप ६० वॉट, मॉनिटर २५, राउटर १५, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३०, मिळून १३०. म्हणजे साडेसात तास. साधा ७५ वॉटचा पंखा असेल तर पावणेसहा. त्यात १८० वॉटचा कूलर जोडला की तीन तासांवर या. ज्यांना वीज जाऊनही सकाळच्या दोन्ही बैठका पार पाडायच्या आहेत, त्यांनी कूलर वेगळ्या लाइनवर ठेवावा आणि वीज गेल्यावर पंख्यावर भागवावं. घ्यायचाच तर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखे घूं-घूं करतात आणि मोटर तापते.

एक बारीक गोष्ट बरेचजण चुकतात. पुष्कळ इन्व्हर्टरांच्या मागे एक छोटं बटण असतं, यूपीएस मोड आणि साधा मोड असं. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात डेस्कटॉप आणि राउटर रीस्टार्ट होतात. पंखा चालूच राहतो, त्यामुळे कारण लक्षात येत नाही, आणि ‘नेट खराब आहे’ असं वाटत राहतं. बटण यूपीएस मोडवर करा. तरीही राउटर पडत असेल तर त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा वेगळा यूपीएस मिळतो, तो लावा. फायबरची पांढरी डबी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर उन्हाळ्यात दर महिन्याला बघायचं, एरवी दोन-तीन महिन्यांनी चालतं.

इंटरनेटच्या दोन वाटा ठेवा, आणि त्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या असू द्या. रस्ता खोदताना फायबर तुटतो तेव्हा त्याच कंपनीचा मोबाइल टॉवरही कधी कधी मंदावतो. हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच जोडून एकदा वापरून बघितलेला असावा, पासवर्ड ऐन कॉलमध्ये शोधायचा नसतो. गच्चीवरच्या डबीतून तांब्याची लॅन केबल घरात येत असेल, तर मे-जूनमधल्या विजांच्या कडकडाटात ती राउटरमधून काढून ठेवा. फायबरमधून वीज येत नाही, तांब्यातून येते.

दुपार आणि निरोप

साडेअकरा (दुसरी बैठक बारापर्यंत असते तेव्हा बारा), चार आणि सात, या तीन वेळा निरोप वाचण्याच्या. ग्राहकाला काम सुरू होतानाच सांगून ठेवा: ‘लिहून पाठवलेल्या निरोपाला त्याच दिवशी उत्तर मिळेल. साइट बंद पडली तरच फोन करा, तो मी कधीही घेईन.’ हे दुसरं वाक्य पाळावं लागतं. ते पाळलं की लोक पहिलं वाक्यही पाळतात.

इतवारीतले व्यापारी असोत की धंतोलीतला दवाखाना, इथली कामं ओळखीतून येतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वाढतात. नमुना बघा. निरोप येतो: ‘भाऊ, बिलावर फक्त एक कॉलम वाढवायचा आहे. आज होऊन जाईल ना?’ याला ‘हो काका, बघतो’ म्हटलं की ते काम फुकट झालं आणि उद्याची सकाळही गेली. उत्तर असं द्या:

‘काका, निरोप मिळाला. कॉलम दिसायला एकच आहे, पण जुन्या बिलांची छपाई आणि महिन्याचा रिपोर्ट, दोन्हीला हात लागेल. ३ तासांचं काम आहे, ३,१५० रुपये होतील. गुरुवारी दुपारी देतो. चालेल असं इथेच लिहून पाठवा, मी यादीत घेतो.’

यात कारण आहे, तास आहेत, पैसे आहेत, दिवस आहे. आणि होकार लेखी मागितला आहे. आदर कुठे कमी झालेला नाही. फोनवर ठरलेलंही याच पद्धतीने दोन ओळींत लिहून पाठवायचं: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे…’

घरच्यांशीही असंच स्पष्ट बोलावं लागतं. घरी आहे म्हणजे मोकळा आहे, असं आई-वडिलांना वाटणं स्वाभाविक आहे. त्यांना वेळा सांगा आणि सुटण्याची वेळही सांगा, उन्हाळ्यात अशी: ‘साडेदहाला मी उठतो, सिलिंडर, दुकान, काय असेल ते तेव्हा करतो.’ आणि खरंच साडेदहाला उठा.

अंदाज आणि दर

चार तासांपेक्षा मोठ्या कामाचा अंदाज देऊ नये, आधी त्याचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याला तीन आकडे द्या: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळंच फिसकटलं तर. मधल्या आकड्याला चारने गुणा, बाकीचे दोन मिळवा, सहाने भागा. पेमेंट गेटवे जोडण्याच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज ६, १० आणि २६ तास आली समजा. म्हणजे ६ अधिक ४० अधिक २६, भागिले ६, बरोबर १२ तास.

तो २६ तासांचा आकडा मनाने लिहायचा नसतो, काय बिघडू शकतं ते आठवून लिहायचा असतो. गेटवे एकाच व्यवहाराचं वेबहुक दोनदा पाठवू शकतो. उत्तर वेळेत मिळालं नाही तर पुन्हा पाठवतो. मग ऑर्डर दोनदा नोंदते, किंवा वर दाखवलेल्या नोंदीसारखा परतावा दोनदा जातो. त्यासाठी घटनेचा आयडी वेगळ्या टेबलात युनिक अट (एकच आयडी दोनदा न घेण्याची) घालून साठवावा लागतो, आणि तो आधीच असेल तर काही न करता २००, म्हणजे ‘मिळालं’, हे उत्तर द्यावं लागतं. ग्राहकाने पैसे भरले पण ब्राउझर बंद केला, ही स्थिती वेगळी सांभाळावी लागते. आणि चाचणीच्या खात्यावर चालणारी गोष्ट खऱ्या खात्यावर केवायसी पूर्ण झाल्याशिवाय चालत नाही, तेव्हा ते कागद ग्राहकाकडून पहिल्याच दिवशी मागवा.

आता १२ तास म्हणजे दीड दिवस नव्हे. सकाळचे चार तास धरले तर तीन दिवस, आणि ग्राहकाला सांगताना चार.

हे सगळं सुधारतं ते वेळेच्या नोंदीने. साधी फाइल, रोज तीन-चार ओळी: तारीख, सुरू, बंद, प्रकल्प, काय केलं. चार आठवड्यांनी दिलेला अंदाज आणि लागलेले तास यांची बेरीज करा. ४० सांगून ५८ लागले असतील तर तुमचा गुणक १.४५. पुढच्या प्रत्येक अंदाजाला तो लावा. स्वतःला रागावण्यापेक्षा हे उपयोगी.

दर ठरवतानाही आकड्यांवर विसंबा. ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ गेले. सण १२, सुट्टी १२, आजारपण ७ धरा. उरले २३०. दिवसाला बिल करता येतील असे साडेचार तास, म्हणजे वर्षाचे १,०३५. घरखर्च, कर आणि बचत मिळून ९ लाख हवेत आणि उपकरणं, इंटरनेट, विमा, सीए यांना १ लाख ८० हजार, तर १० लाख ८० हजार भागिले १,०३५, म्हणजे तासाला साधारण १,०४५. वरच्या निरोपातले ३,१५० रुपये असेच १,०५० च्या दराने आलेत. पगाराला २०८ तासांनी भागून दर काढणारे निम्म्या किमतीत काम करतात, आणि ती तूट भरायला सकाळीच जास्तीची कामं घेतात.

शुक्रवार

शुक्रवारी दुपारनंतर काहीही लाइव्ह करायचं नाही, म्हणजे चालू साइटवर चढवायचं नाही. मंगळवार ते गुरुवार, सकाळची दुसरी बैठक, म्हणजे बिघडलं तर दिवस हाताशी असतो. डेटाबेसमध्ये बदल असेल तर क्रम असा: बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, बदल आधी त्या प्रतीवर चालवा, लागलेला वेळ मोजा, उलट फिरवायची स्क्रिप्ट तयार ठेवा, आणि मगच खऱ्या डेटावर हात टाका. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एक बॅकअप पुन्हा उभा करून बघा. कधीच न उघडलेला बॅकअप बऱ्याचदा रिकामा किंवा अर्धा निघतो, कारण डिस्क भरल्यावर रात्रीची स्क्रिप्ट मुकाट्याने थांबलेली असते.

मग पैशांचा तास. बिलं याच दिवशी पाठवा. सुरुवातीला ४० टक्के, चालतं रूप दाखवल्यावर ३०, आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवण्याआधी उरलेले ३०. जमा झालेल्या प्रत्येक रकमेतला करापुरता हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. नोंदणी असेल आणि परदेशी ग्राहक असतील तर कर न भरता बिल करण्यासाठी एलयूटी हे हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावं लागतं. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे. ठरावीक व्यावसायिकांना जमेच्या ५० टक्के उत्पन्न धरून कर भरण्याची सोय आहे, ५० लाखांपर्यंत, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. त्यांना अग्रिम कर एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरता येतो. आपल्या कामाला ती लागू होते का, हे सीएकडून एकदा लेखी घ्या.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, ती मोफत आहे. त्यानंतर भारतीय ग्राहकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि एवढं एक वाक्य छापलेलं असलं, तर आठवणीचे फोन कमी करावे लागतात.

संध्याकाळचे कॉल

न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. लंडनचे नऊ म्हणजे दुपारचे दीड किंवा अडीच. ही दोन्ही शहरं नागपूरच्या दिवसाला सोयीची. सॅन फ्रान्सिस्कोचे नऊ मात्र रात्री साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. तिथलं काम घेतलं तर आठवड्यातून दोनच रात्री द्या, आणि त्यांच्या दुसऱ्या दिवशी पहिली बैठक दीड तास उशिरा सुरू करा. झोप कापून पहिली बैठक वेळेवर धरली, तर त्या दिवशीचा कोड पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहावा लागतो.

कॉलआधी तीन ओळी पाठवा: काय झालं, काय अडलं, आज काय ठरायला हवं. त्यामुळे पाऊण तासाचा कॉल वीस मिनिटांत आटोपतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघणं, कोपर काटकोनात आणि मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवणं, एवढं केलं तर डोळे-मान टिकतात. उन्हाळ्यात टेबलावर पाण्यासोबत ताक ठेवा, चहाने तहान भागत नाही.

आधीच आखून ठेवायचे दिवस

वर्षाच्या सुरुवातीलाच हे दिवस कॅलेंडरमध्ये टाका आणि बाहेरच्या ग्राहकांना महिनाभर आधी कळवा. २५ मेपासूनचा नवतपा: या नऊ दिवसांत नवं काम लाइव्ह करायचं ठरवू नये. पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा: त्याच दिवशी मारबतींच्या (मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुका निघतात, महाल-इतवारीकडची भेट त्या दिवशी होत नाही. विजयादशमी आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन: दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते गर्दीने भरलेले असतात. डिसेंबरातलं विधिमंडळाचं अधिवेशन: सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी भागात बंदोबस्त आणि मोर्चे असतात, तिथल्या भेटी ऑनलाइन घ्या.

आणि घड्याळबदल. अमेरिकेत वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते, ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधले काही आठवडे दोन्हीकडच्या ग्राहकांचा एकत्र कॉल असेल तर कुणीतरी तासभर चुकतोच. म्हणून कॉलचं निमंत्रण आपल्या वेळेत बनवू नका, ग्राहकाच्या शहराचं नाव निवडून बनवा. कॅलेंडर मग तो तास स्वतः सरकवतं. तुम्ही फक्त त्या आठवड्यात संध्याकाळची पाच ओळींची नोंद कॉलच्या आधी लिहून ठेवा, नंतर नको. साडेसातचा कॉल साडेआठला संपतो, आणि त्यानंतर ती नोंद राहून जाते.